घर बदलतेय, क्राफ्टचं एवढं सामान कसं भरू? (लातूर ते संभाजीनगर)

सुईदोरा
नमस्कार मंडळी. ह्यांची बदली झालीय, मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही लातूर सोडून संभाजीनगरला चाललोय. भांडीकुंडी, कपडे, पुस्तकं ह्याचं मला काही वाटत नाही, ते आतापर्यंत तीनदा भरून झालंय. धास्ती घेतलीय ती मधल्या खोलीची. १२ वर्षांचं सामान आहे तिथं. लोकर दोन पोती. भरतकामाच्या लडी बिस्किटाच्या तीन पत्र्याच्या डब्यांत गच्च. फॅब्रिकचे रंग, अ‍ॅक्रिलिक रंग, मणी, आरसे, मेणबत्त्यांचं मेण आणि साचे, ग्लू गन, कार्डशीटचे गठ्ठे, पायाची शिलाई मशीन, आणि चिंध्यांचं बोचकं, जे एका माणसाला उचलत नाही.

ह्यांचं म्हणणं निम्मं इथंच कुणाला तरी देऊन टाक, तिकडचा फ्लॅट लहान आहे. आई फोनवर म्हणते आधी निवड मग भर. मला वाटतंय सगळं उचलून न्यावं आणि तिकडं निवांत बघावं. दोन आठवडे उरलेत आणि अजून एक डबा सुद्धा हलवला नाही, दारात उभी राहते आणि परत फिरते.

अजून एक. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांनी नातवासाठी गोधडी घातली होती, ती अर्धी राहिली. त्यांनी टोचलेली सुई अजून तिथंच आहे, दोऱ्यासकट. आम्ही कुणीच ती घडी हलवली नाही. ती कशी न्यायची?

जालन्याची_मोसंबी
आईचं ऐक. मी चार वर्षांपूर्वी नांदेडहून जालन्याला आले तेव्हा सगळं न निवडता खोक्यांत कोंबलं होतं, १४ खोकी झाली. ती माळ्यावर गेली आणि दोन वर्षं तिथंच राहिली. उघडली तेव्हा लोकरीला कसर लागलेली, स्केचपेन सगळे वाळलेले, आणि जे पाहिजे होतं ते कुठल्या खोक्यात ते कळेना म्हणून मी तेच परत बाजारातून आणलेलं. एकाच मापाच्या क्रोशाच्या सुया माझ्याकडं आज पाच आहेत. इथं निवडलं नाहीस तर तिकडं पण निवडणार नाहीस, नवीन घरात गेल्यावर गॅसची नळी, शाळेचं अ‍ॅडमिशन, दूधवाला ह्यातच तीन महिने जातात.

मांजराकाठ
मी मोसंबीताईंशी सहमत नाही. मेमध्ये, दमलेल्या माणसानं, घाईत निवडायला बसू नये. अशा वेळी एकतर सगळंच ठेवावं वाटतं नाहीतर रागारागात सगळंच द्यावं वाटतं. मी अंबाजोगाईचं घर सोडताना लेसच्या तुकड्यांची एक पिशवी भंगारवाल्याच्या गाडीवर टाकली. त्यात आईच्या लग्नातल्या शालूची किनार होती. आज ११ वर्षं झाली, अजून आठवते.

म्हणून आत्ता फक्त मेलेलं तेवढं काढा. वाळलेले रंग, गंजलेल्या सुया, चिकटून बसलेला गम, पिवळा पडून तुटायला लागलेला इलॅस्टिक. ह्यात विचार करायचाच नाही. बाकीचं सगळं न्या.

पण भरायची पद्धत मात्र बदला. आपण सगळे एक चूक करतो, दोरे दोऱ्यात, कापड कापडात, मणी मण्यात असं भरतो. दिसायला छान दिसतं. पण अर्धवट राहिलेलं काम असं भरलं की ते संपलंच म्हणून समजा, कारण त्याची लाल लडी बाकीच्या लाल लडींत गेली, त्याचा नमुना कागदाच्या गठ्ठ्यात गेला, रिंग तिसऱ्या डब्यात गेली. तिकडं गेल्यावर ते परत कुणी जुळवायचं? एक काम एक पिशवी. कापड, दोरे, नमुना, सुई, कुठवर आलं त्याची चिठ्ठी, सगळं त्याच पिशवीत. आधी अशी सगळी अर्धवट कामं बाजूला काढा, त्यांची वेगळी पेटी करा, आणि उरलेलं मग रंगानं, जातीनं, कसं पण भरा. ही पेटी टेम्पोत नाही टाकायची, आपल्यासोबत न्यायची.

बीडची_लेक
एक काम एक पिशवी हे लिहून भिंतीवर लावायलेय. माझ्याकडं अशी किती निघतील ते मोजायचंच धाडस होत नाही.

शिलाईमामा
परभणीत शिलाईचं दुकान आहे, ३० वर्षं झाली. मशीनबद्दल सांगतो, बाकीचं तुम्ही मंडळी बघा.

पायाची मशीन अखंड टेम्पोत चढवू नका. हमाल तिला डोक्याला धरून उचलतात आणि तिथंच घात होतो. आधी चामड्याचा पट्टा चाकावरून उतरवा. मग डोकं मागं कलतं करा, खाली दोन बिजागऱ्या दिसतील, त्यांचे दोन स्क्रू ढिले केले की डोकं सरळ वर निघून येतं. दहा-बारा किलोचं असतंय, दोघांनी धरा. सुई काढा, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची रीळ बसते ती) काढून डबीत घाला, दाबपट्टीखाली कापडाची चौपदरी घडी ठेवून दाबपट्टी खाली सोडा. हातचाक फिरू नये म्हणून त्याला कापडाच्या पट्टीनं बांधून टाका. तेल पुसून घ्या, नाहीतर वाटेत गळून शेजारच्या खोक्यातलं कापड खराब होईल. डोकं जाड रजईत गुंडाळून गाडीत सीटवर ठेवा. काढलेले स्क्रू एका कागदात बांधून डोक्यालाच चिकटवा, हे स्क्रू हरवले की तिकडं दुकानं धुंडाळत बसावं लागतं.

स्टँड बिडाचं असतंय. लोखंड वाटतंय पण पडलं की वाकत नाही, सरळ तुटतंय, आणि बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही. ते उभंच न्यायचं, आडवं नाही.

बीडची_लेक
मामा, आमच्या बीडचं पण तसंच आहे, वाकत नाही 🙂

शिलाईमामा
हाव, ते पण खरंय.

गोदातीर
कोणी उन्हाचं बोललं नाही अजून. मे महिना, मराठवाडा, बंद टेम्पो. बाहेर ४२ असलं तर आतमध्ये ५० च्या पुढं सहज जातंय. पॅराफिनचं मेण त्याच्या जातीनुसार ४६ अंशांपासून पुढं वितळायला लागतं. ताई मेणाचं खोकं दुपारच्या गाडीत गेलं तर तिकडं पोचेपर्यंत एकच लादी होईल आणि ती बाजूच्या कार्डशीटमध्ये मुरेल. ग्लू गनच्या कांड्या पण एकमेकींना चिकटतात. गाडी संध्याकाळी भरा, रात्री काढा. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत पहाटे पोचाल. मेण वितळलं तरी बाहेर येऊ नये म्हणून स्टीलच्या डब्यात भरा, झाकणाला टेप.

रंगांच्या बाटल्या उभ्याच राहिल्या पाहिजेत. झाकण काढायचं, तोंडावर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवायचा, त्याच्यावरून झाकण घट्ट फिरवायचं. मग सगळ्या बाटल्या शेजारी शेजारी बादलीत. बादलीला कड आहे, कडी आहे, आणि सांडलंच तर बादलीतच सांडतं.

थिनर, टर्पेंटाईन, स्प्रे पेंट असलं काही नेऊच नका, वापरून संपवा नाहीतर शेजारच्या पेंटरला द्या. बहुतेक पॅकर्सवाले घेत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. कोणी सुचवेल की रेल्वेनं पाठवा, अजिबात नको, १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १६४ कलम आहे, डब्यात असल्या वस्तू नेल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्नचिन्ह
खोकी कुठून आणायची ते पण सांगा कोणीतरी.

जालन्याची_मोसंबी
मेडिकल दुकान. औषधांची खोकी लहान असतात, मजबूत असतात आणि स्वच्छ असतात. किराणा दुकानातली मोठी असतात पण त्यांना साखर नाहीतर तेल लागलेलं असतं, मुंग्या येतात. कागदासाठी झेरॉक्सवाल्याकडून आणा. आणि कागद मोठ्या खोक्यात भरू नका, कागदाचं वजन कळत नाही. साधा ए-फोर मापाचा, ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ५०० कागदांचा एक रीम २ किलो ३०० ग्रॅमच्या वर भरतो. कार्डशीट तर अजून जड, त्याच मापाच्या २५० जीएसएमच्या १०० शीट म्हणजे दीड किलोच्या वर. हमालानं वरच्या भरवशानं उचललं की तळ फाटतो.

आणि खोक्यावर वरच्या बाजूला नाव लिहू नका, दोन बाजूंना लिहा. एकावर एक चढली की वरचं दिसत नाही.

कोरडवाहू
बबल रॅप कामून विकत घ्यायचं पण? दोन पोती लोकर आणि एवढं बोचकं चिंध्या घरात आहेत. काचेच्या बरण्या, साचे, मण्यांच्या बाटल्या सगळं त्यातच गुंडाळा. सामान पण भरलं, जागा पण वाचली.

गोदातीर
साचे, बरण्या ठीक आहे. रंगाच्या बाटल्यांना लोकर लावू नका, विनंती आहे. माझ्या बायकोनं बाळाच्या स्वेटरची पांढरी लोकर निळ्या रंगाच्या बाटलीला गुंडाळली होती.

कोरडवाहू
अरेरे. मान्य. रंगाला वर्तमानपत्र.

कवडीवाली
मी किनवट भागातली, आमच्या तांड्यावर आजी लमाणी भरतकाम करायची. आरसे, कवड्या, घुंगरं, जुनी नाणी ह्यांचं सामान मी सतत इकडून तिकडं नेते, प्रदर्शनाला नेते, त्यामुळं ह्यातलं थोडं कळतं.

आरसे आडवे रचू नका. अंगठ्याच्या नखाएवढे असोत नाहीतर रुपयाएवढे, एकावर एक आडवे रचले की खालच्यांवर भार येतो आणि गाडीच्या हादऱ्यानं तडे जातात. उभे रचायचे, वहीच्या पानांसारखे. पाच-पाच आरशांच्या मध्ये वर्तमानपत्राची पट्टी, आणि सगळी चळत रिकाम्या काडेपेटीत. काडेपेटी बंद होत नसली तर एक आरसा कमी करा, दाबू नका. आजी ह्याच पद्धतीनं ठेवायची, फक्त तिच्याकडं काडेपेटी नव्हती, तपकिरीची डबी होती. ती डबी उघडली की अजून वास येतो, म्हणून मी त्यात काही ठेवत नाही, नुसती उघडून बघते.

मण्यांच्या डबीचं झाकण कितीही घट्ट असलं तरी टेप लावा. एक डबी सांडली की सगळे रंग एकत्र, आणि बारीक मणी निवडायला चाळणी पण कामाला येत नाही. सांडलेच तर व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा, मोज्यात गोळा होतात.

लडींवरची कागदाची पट्टी काढून टाकू नका. त्यावर रंगाचा नंबर असतो. एक लड ८ मीटरची, काम मोठं असलं तर मध्येच संपते आणि दुकानात डोळ्यांच्या अंदाजानं लाल आणलं तर फूल अर्धं एक अर्धं दुसरं दिसतं.

सोनेरी_जर
चिंध्यांत जरीचे तुकडे असले तर ते वेगळे काढा. पैठणचे आम्ही, घरात दोन हातमाग होते. जर घडीवर मोडते, म्हणून जरीचा तुकडा घडी नाही करायचा, नळकांड्यावर गुंडाळायचा. चार्टपेपर येतो ते नळकांडं चालतं. वरून धुतलेली मलमल. आणि जरीच्या जवळ डांबरगोळी ठेवू नका, जर काळी पडते. प्लॅस्टिकची बटणं किंवा थर्माकोल असेल तिथं पण नको, डांबरगोळी लागली की ते मऊ पडून चिकटतं. कडुलिंबाचा वाळलेला पाला नाहीतर वेखंडाचा तुकडा कापडात बांधून ठेवा.

संभाजीनगरला येतच आहात तर हिमरूचे, म्हणजे तिथल्या विणलेल्या नक्षीच्या कापडाचे तुकडे मिळाले तर सोडू नका. ताणा (उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) रेशमी, त्यामुळं तुकड्यांच्या कामाला फार चांगला बसतो.

बीडची_लेक
पैठणी खरी पैठणची का येवल्याची?

सोनेरी_जर
ताई, दोन्हीकडं हाताला तेवढेच घट्टे पडतात. वेगळा धागा काढा, तिथं रात्रभर बोलू. इथं सुईदोरा ताईंचं घर भरायचंय.

सुईदोरा
सगळ्यांचे खूप खूप आभार. चार दिवस इथं यायला जमलं नाही कारण खरंच कामाला लागले. मांजराकाठ, तुमचं ऐकलं. आधी अर्धवट कामं काढली. १७ निघाली. त्यातली चार कामं मला आठवतच नव्हती, एका टेबलक्लॉथवर एकच कमळ भरलेलं होतं आणि कडेला माझ्या मुलीच्या वेळच्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटची तारीख पेन्सिलनं लिहिलेली. एक काम एक पिशवी करून सगळी एका ट्रंकेत बसली. तीन कामं मैत्रिणीला दिली, ती पूर्ण करणार म्हणाली. वाळलेले रंग टाकले, मुलांच्या कामाचं चांगलं सामान शेजारच्या अंगणवाडीत दिलं, ह्यांना पण बरं वाटलं.

लोकरीसाठी झकास सोय झाली. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं ना, त्या वर्षी आम्ही झाकणाचे दोन मोठे ड्रम घेतले होते. ते तेव्हापासून गच्चीवर पालथे पडलेले. धुतले, दोन दिवस उन्हात वाळवले, आणि दोन्ही पोत्यांची लोकर त्यात गेली, कडुलिंबाच्या पाल्यासकट.

राहिली फक्त गोधडी.

औश्याकडचा
मी ह्या विषयातला नाही, बायको वाचत होती म्हणून वाचलं. पण गोधडीचं वाचून लिहावं वाटलं.

आमचं गाव किल्लारीजवळ. १९९३ ला गणपती विसर्जनाच्या रात्री, ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दगडमातीचं घर, सगळं बसलं. नंतर ढिगारा उपसताना आईची पत्र्याची ट्रंक निघाली, चेपलेली, झाकण उघडेना, वडिलांनी पहारीनं उघडली. आत आजीची लुगडी आणि गोधडीसाठी काढून ठेवलेले तुकडे. आजी त्यात गेली. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा आईनं त्याच तुकड्यांची गोधडी शिवली आणि आम्ही तिघं भाऊ त्या थंडीत तिच्याखाली झोपलो. आजीनं तुकडे ज्या क्रमानं रचून ठेवले होते त्याच क्रमानं आईनं लावले, एक पण इकडचा तिकडं केला नाही.

तुमची गोधडी खोक्यात घालू नका एवढंच सांगायचं होतं. मांडीवर न्या.

कवडीवाली
दादा, वाचून थांबले थोडा वेळ.

शिलाईमामा
सुईचं सांगतो. मन दुखवायचं नाही, पण सुई कापडात राहू देऊ नका. पावसाळा आला की गंज धरते, आणि गंजाचा डाग सुती कापडातून सहज जात नाही, पुढं त्या जागी कापड झिजून भोक पडतं. मी गिऱ्हाइकांच्या जुन्या कपड्यांवर हे किती तरी वेळा बघितलंय.

मांजराकाठ
मामा बरोबर आहेत, पण दोरा ओवलेली सुई तशीच राहावी असं ताईंना वाटत असेल तर सुईला पातळ मेण चोळून ठेवता येईल ना?

शिलाईमामा
मेण चार-सहा महिने चालेल. दहा वर्षं नाही.

सोनेरी_जर
सुई काढा पण दोरा सोडू नका. शेवटचा टाका कुठला ते कळावं म्हणून तिथं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण करा. सुई दोऱ्यातून न काढता, दोऱ्याचं टोक आहे तेवढंच राहू दे, आणि सुई फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचून तो तुकडा बाजूला ठेवा, गोधडीच्या कापडाला सुई लागायला नको. दोरा आहे तिथंच राहतो, काम पण आहे तिथंच राहतं.

सुईदोरा
हे जमेल. आज रात्री करते.

सुईदोरा
(१२ दिवसांनी) मंडळी, पोचलो. संभाजीनगरला सिडकोत आहोत. आज नेट लागलं म्हणून आधी इथं लिहायलेय.

गाडी रात्री साडेआठला निघाली, सकाळी घरापुढं. एकूण २३ खोकी, दोन ड्रम, एक बादली. मेण जसंच्या तसं. आरसे शंभराच्या वर होते, कवडीवाली, एक पण फुटला नाही. एक गमची बाटली फुटली, ती मीच घाईत आडवी ठेवली होती, आणि एक काचेचा साचा गेला. खोक्यांवर दोन्ही बाजूंनी लिहिल्यामुळं हमालांनी मला न विचारता सगळी क्राफ्टची खोकी बरोबर एका खोलीत लावली.

गोधडीचं सोनेरी_जर म्हणाले तसंच केलं. सासूबाईंचे टाके मी कधी इतक्या जवळून बघितले नव्हते. दोन टाक्यांमधलं अंतर सगळीकडं सारखं, ज्वारीच्या दाण्याएवढं, पण शेवटच्या वीतभरात ते मोठं होत गेलंय. त्यांचा हात तेव्हा थरथरायचा, आम्हाला माहीत होतं, पण त्या म्हणायच्या दोरा बरोबर नाही. लाल दोऱ्याची खूण केली. मुलगा म्हणाला मी धरतो, आणि गेवराईपर्यंत त्यानं घडी मांडीवर धरली, मग झोपला.

आता मामांना एक प्रश्न. मशीन बसवली, स्क्रू डोक्यालाच चिकटवले होते ते सापडले, पण पायडल मारलं की खालचं चाक फिरतंय आणि वरचं मध्येच थांबतंय. आवाज येत नाही. काय झालं असेल?

शिलाईमामा
काही बिघडलं नाही. पट्टा ढिला झालाय, घसरायलाय. तारेची क्लिप आहे तिथं उघडा, अर्धा इंच कापा, नवीन भोक पाडून परत क्लिप मारा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त कापू नका, फार ताठ झाला की पायडल जड जातं. दाबपट्टीखालची कापडाची घडी काढली का?

सुईदोरा
घडी तशीच होती. काढली, पट्टा कापला. चालली मामा. पहिली टीप मुलाच्या शाळेच्या पँटला मारली.